मुखवट्याविरुद्धची फिर्याद

चेहरा झाकून बोलणाऱ्या परक्या माणसावर एकदम विश्वास टाकू नये, हा उपदेश वडीलधाऱ्यांनी मुलांना करावा यात वावगे काही नाही. परंतु तोच उपदेश जेव्हा एका संपूर्ण कलाप्रकाराविरुद्धचे आरोपपत्र म्हणून मांडला जातो, आणि ज्यांनी तो कलाप्रकार घटकाभरही नीट पाहिलेला नाही अशी प्रतिष्ठित माणसे त्याचा निकालही देऊन मोकळी होतात, तेव्हा प्रतिवादीच्या बाजूने कोणीतरी उभे राहणे अगत्याचे ठरते. आमच्या सांगोल्यात, आणि सांगोल्यासारख्या अनेक तालुक्यांच्या गावी, पालकांच्या बैठकांतून व व्याख्यानमालांतून अलीकडे ‘व्हीट्यूबर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आभासी कलावंतांविषयी जी भाषा ऐकू येते ती अशा निकालाचीच आहे. चित्राच्या आड लपून बोलणे ही फसवणूक होय. ही जपानातून आलेली परकी खोड होय. जिथे चेहरा नाही तिथे जबाबदारीही नाही. आणि आज त्या चित्रामागे माणूस असला तरी उद्या यंत्र बसेल, म्हणून मुलांना यापासून आजच दूर ठेवावे, असा तो युक्तिवाद आहे. तो करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मुलांविषयीच्या कळकळीतूनच ते बोलतात. परंतु त्यांचा युक्तिवाद मला मुळापासून चुकीचा वाटतो, आणि तो चुकीचा असल्यामुळे ज्या खऱ्या अन्यायाकडे त्यांनी लक्ष वेधायला हवे होते तो नजरेआड राहतो, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. हा कलावंत आपल्या खोलीत कॅमेऱ्यासमोर किंवा मोबाइलसमोर बसतो. पडद्यावर दिसणारे पात्र एखाद्या चित्रकाराने काढलेले असते, आणि त्याचे केस, भुवया, पापण्या, बुबुळे, ओठ हे सर्व निरनिराळ्या थरांवर वेगवेगळे रेखाटलेले असतात. मग ज्याला या व्यवसायात ‘रिगर’ म्हणतात असा दुसरा कारागीर त्या थरांना हालचालीचे सांधे जोडून देतो. कॅमेरा कलावंताच्या चेहऱ्यावरील हालचाल टिपतो, आणि त्याच क्षणी ते चित्र तशीच भुवई उंचावते, तसेच डोळे मिटते, तसेच हसते. आवाज माणसाचा असतो, हजरजबाबीपणा माणसाचा असतो, आणि चार-चार तास अखंड बोलून, गाऊन, खेळ खेळून, शेकडो प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देऊन येणारा थकवाही त्या माणसाचाच असतो. कॅमेऱ्यासमोरून तो उठून गेला की चित्र पापणीही हलवीत नाही. ज्या प्रेक्षकांची फसवणूक होते असे म्हटले जाते, त्यांना हे सारे ठाऊक असते. किंबहुना या कलेची गोडी ज्यांना लागली आहे असे आठवी-नववीतील विद्यार्थीसुद्धा मॉडेल कोणी काढले, रिग कोणी केली, याची चर्चा आपल्या पिढीने नटांच्या वेशभूषेची केली नसेल इतक्या बारकाईने करतात. ज्याला सर्व हकीकत आधीच माहीत आहे त्याला फसवले, असे कोणत्या न्यायाने म्हणावे?

या कलेचा इतिहास फार जुना नाही, पण जेवढा आहे तेवढा बोधप्रद आहे. 2007 साली जपानमधील क्रिप्टन या कंपनीने ‘हात्सुने मिकू’ ही गायिका बाजारात आणली; ती म्हणजे आवाज घडवणारे एक सॉफ्टवेअर आणि त्यावरील एक चित्र एवढेच होते, आणि तिच्यामागे समोर बसून बोलणारे कोणी नव्हते. खरा आरंभ 2016 च्या अखेरीस झाला, जेव्हा ‘किझुना आय’ नावाच्या पात्राने यूट्यूबवर पदार्पण करून आभासी यूट्यूबर ही संज्ञा रूढ केली. पुढच्या वर्षी कव्हर या कंपनीने ‘होलोलाइव्ह’ या आपल्या कलावंत-मंडळीची पायाभरणी करणारी टोकिनो सोरा रंगमंचावर आणली, 2018 साली ‘निजिसांजी’ या दुसऱ्या मंडळीने महागडे संवेदक आणि स्टुडिओ बाजूला सारून केवळ मोबाइल आणि सपाट चित्र यांवर भागवता येते हे दाखवून दिले, आणि तेव्हापासून ही कला श्रीमंतांच्या कार्यशाळेतून सामान्यांच्या खोलीत उतरली. टाळेबंदीच्या वर्षी, सप्टेंबर 2020 मध्ये, इंग्रजी बोलणारी ‘गॉर गुरा’ आली आणि तिच्या वाहिनीला चाळीस लाखांहून अधिक वर्गणीदार मिळाले. निजिसांजीची चालक कंपनी जून 2022 मध्ये आणि कव्हर मार्च 2023 मध्ये टोकियोच्या शेअर बाजारात दाखल झाली. आपल्या देशातही निजिसांजीने 2020 साली आद्या, नूर आणि विहान या तीन पात्रांसह एक शाखा उघडली होती. ती पुढच्याच वर्षी गुंडाळण्यात आली.

परंतु या सर्व इतिहासात मला निर्णायक वाटणारी घटना यशाची नाही, ती एका अपयशाची आहे. 2019 साली किझुना आयच्या चालकांनी असा प्रयोग केला की पात्र तेच, चेहरा तोच, केसांतील गुलाबी फीतही तीच, पण तिच्यामागे एकाऐवजी अनेक व्यक्तींना आळीपाळीने बसवायचे. व्यापारी बुद्धीने पाहिले तर यात काही गैर नव्हते. चित्राची मालकी कंपनीची, चित्र बदललेले नाही, मग प्रेक्षकाला तक्रार करण्याचे कारण काय? पण प्रेक्षकांनी तक्रार केली, आणि ती इतक्या तीव्रतेने केली की चालकांना माघार घ्यावी लागली. पुढे पात्राचा कारभार पाहण्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली आणि मूळ आवाज देणाऱ्या कासुगा नोझोमी यांचे नाव तिच्याशी जोडलेले असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी ‘गेम-बु’ या दुसऱ्या एका मंडळीत, वागणुकीविषयी तक्रारी करणाऱ्या आवाजाच्या कलावंतांना बदलून त्याच चित्रांमागे नवी माणसे बसवण्यात आली, तेव्हाही प्रेक्षक असेच उसळले. चेहरा रेसभरही बदललेला नसताना ज्या प्रेक्षकाने आतला माणूस बदललेला क्षणात ओळखला आणि तो बदल नाकारला, तो प्रेक्षक चित्रावर भुलला होता हे म्हणणे यापुढे टिकत नाही. तो माणसावरच प्रेम करीत होता.

आता परकेपणाच्या आक्षेपाकडे वळू. ज्यांच्या घरात बालगंधर्वांची तसबीर पिढ्यानपिढ्या भिंतीवर आहे, त्यांनी दुसऱ्याचे रूप धारण करून लोकांसमोर येण्याला परकी खोड म्हणावे, याचे मला फार नवल वाटते. 12 मार्च 1911 रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची, म्हणजे नारायणराव राजहंसांची, कन्या निवर्तली होती, आणि तरीही ते भामिनी होऊन रंगभूमीवर उभे राहिले. प्रेक्षागृहातील प्रत्येकाला ठाऊक होते की समोरची स्त्री हा पुरुष आहे. पण तिच्या नेसण्याची लकब घराघरांतील स्त्रियांनी उचलली, आणि त्या रूपामागील पित्याचे दुःख हीही महाराष्ट्राने आपल्या स्मृतीत कायमची जपून ठेवलेली गोष्ट आहे. रूपाने माणूस झाकला गेला नाही. तो अधिक दिसला. यशवंत केशव पाध्ये यांनी घडवलेला ‘अर्धवटराव’ त्यांच्या पश्चात रामदास पाध्ये यांच्या हातावर बसून बोलत राहिला, आणि त्याला दाद देणाऱ्या महाराष्ट्राने शब्दभ्रमकाराला कधी लबाड ठरवले नाही. 1993 च्या ‘झपाटलेला’तील तात्या विंचूची बाहुली पाध्यांची आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा, हे ज्या मुलांना ठाऊक होते ती मुलेही त्या बाहुलीला भ्यायलीच.

आणि यांहूनही जवळचे एक उदाहरण आमच्या वाङ्मयात आहे. ‘ललित’ मासिकातून ‘घटका गेली, पळे गेली’ या सदरात ‘ठणठणपाळ’ नावाचा एक गृहस्थ वर्षानुवर्षे मराठी साहित्यिकांची खबर घेत असे. त्याला स्वतःचे रूप होते, ते वसंत सरवट्यांनी रेखाटलेले होते. त्याला स्वतःचा आवाज, स्वतःचे रागलोभ, स्वतःची बोलण्याची ढब होती. आणि हा हातोडा घेऊन हिंडणारा इसम कोण, हे पहिल्या काळात वाचकाला ठाऊक नव्हते. तो जयवंत दळवींचा मुखवटा होता. चित्रकाराने काढलेले पात्र, त्यामागे नाव न सांगणारा एक प्रतिभावान मनुष्य, आणि नियमाने त्याची वाट पाहणारे चाहते: आजच्या आभासी कलावंतांत आणि ठणठणपाळात मला वेगाचा व साधनाचा फरक दिसतो, तत्त्वाचा दिसत नाही. ज्यांनी ठणठणपाळाचा अंक आधी उघडून पाहिला, त्यांच्याच पिढीने आज नातवाच्या पडद्यावरील पात्राला ढोंग म्हणावे, हे न्यायाला धरून नाही.

चेहरा नाही म्हणजे जबाबदारी नाही, हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याला हलक्या हाताने उत्तर देणे मला उचित वाटत नाही, कारण या प्रश्नाचे मोल आमच्या शेजारच्या तालुक्याने रक्ताने मोजले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना, ते मुले पळवणारे आहेत अशा अफवेवरून, जमावाने ठार मारले. त्यांतील बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्याचे, मंगळवेढा तालुक्यातील होते. ती अफवा कोणी पसरवली? कोणत्याही कार्टूनाने नाही. ती मोबाइलवरून मोबाइलवर गेली, आणि ती पुढे धाडणाऱ्या प्रत्येकाच्या खात्यावर त्याचा नंबर होता, नाव होते, बहुधा हसरे छायाचित्रही होते. उघडा चेहरा जबाबदारी निर्माण करतो हे गृहीत धरले, तर त्या दिवशी एवढे उघडे चेहरे असताना पाच निरपराध माणसे कशी मेली, याचे उत्तर द्यावे लागेल. जबाबदारी निर्माण होते ती लोकांपाशी टिकवून ठेवलेल्या पतीतून. आणि जो कलावंत एकाच पात्राच्या रूपाने वर्षानुवर्षे त्याच प्रेक्षकांसमोर येतो, त्याच्या बोलण्याची प्रत्येक चूक क्लिप करून ठेवणारे हजारो लोक समोर बसलेले असतात, त्याची पत एका वावग्या वाक्याने बुडू शकते. कायद्याने हे ओळखले आहे. ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये असे मानले की आभासी पात्राला उद्देशून केलेली निंदानालस्ती ही त्यामागील व्यक्तीच्याच सन्मानाला लागते. म्हणजे पात्र आणि माणूस यांतील दुवा न्यायालयाला दिसला. जो दुवा अपमान आत पोहोचवतो, तोच दुवा उत्तरदायित्वही आत पोहोचवतो. कलावंताचे खरे नाव कंपनीच्या, बँकेच्या आणि प्राप्तिकर खात्याच्या दप्तरी नोंदलेले असते. ते फक्त गर्दीच्या हाती दिलेले नसते, आणि गर्दीच्या हाती ते का द्यावे हे आक्षेपकांनीच सांगावे.

हा प्रश्न मी मुलींच्या संदर्भात अधिक आग्रहाने विचारतो. आमच्या जिल्ह्याने स्त्रीच्या कलेकडून काय वसूल केले, याचा हिशेब आम्ही कधी नीट मांडलेला नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म पंढरपूरचा. भर तमाशाच्या रात्री रंगमंचामागे त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही कथा कौतुकाने सांगितली जाते. मला ती ऐकताना कौतुकाच्या आधी लाज वाटते, कारण कलावंतिणीच्या देहाला बाळंतपणापुरतीही सुटी न देणारा तो प्रेक्षक आमचाच होता. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव होऊनही 2002 साली त्या विपन्नावस्थेत गेल्या. स्त्रीने लोकांसमोर यायचे तर देह, चेहरा आणि घराण्याची अब्रू एकत्रच पणाला लावायची, ही आमच्या समाजाची जुनी वहिवाट आहे. आणि म्हणूनच ज्या मुलीला गाता येते, चुरचुरीत बोलता येते, हसवता येते, ती बहुतेक वेळा स्वयंपाकघरापलीकडे ऐकूच येत नाही. अशा एखाद्या मुलीने आपला चेहरा बाजारपेठेच्या आणि सासर-माहेरच्या चौकशीसाठी खुला न करता माणदेशी बोलीत आपली कला जगापुढे ठेवावी, अशी सोय जर एखादे तंत्र करून देत असेल, तर त्या तंत्राला विरोध करण्यापूर्वी विरोधकांनी दहादा विचार करावा. आणि ही सोय केवळ लोकलज्जेपुरती नाही. ‘आयर्नमाउस’ या नावाने वावरणारी मूळची प्वेर्तो रिकोची अमेरिकन कलावती रोगप्रतिकारशक्तीच्या गंभीर विकाराने ग्रस्त आहे, दीर्घकाळ बिछान्याला खिळून राहिलेली आहे. 2023 साली ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तिला वर्षातील सर्वोत्तम निर्मातीचा सन्मान मिळाला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये तिने ट्विच या मंचावरील वर्गणीदारांचा विक्रम केला. ज्या देहाला खोलीबाहेर पडणे अशक्य होते त्या देहातील आवाजाला मुखवट्याने जग दिले. त्या मुखवट्याला फसवणूक म्हणण्याचे धैर्य मला होणार नाही.

चेहऱ्यावाचून माणूस किती संपूर्णपणे पोहोचू शकतो, हे शिकायला सांगोलेकरांना तर परदेशी पाहण्याचीही गरज नाही. जून 2022 च्या अखेरीस, राज्यातील सत्तांतराच्या धामधुमीत, आमचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीच्या हॉटेलातून आपल्या एका कार्यकर्त्याशी दूरध्वनीवर केलेले बोलणे बाहेर पडले, आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे शब्द एक-दोन दिवसांत साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. त्या ध्वनिफितीत चेहरा नव्हता. पण सांगोल्याचे पाणी, माणदेशी हेल, बोलणाऱ्याचा भोळा आनंद, सारे त्यात होते, आणि ज्यांनी त्यांना आयुष्यात पाहिले नव्हते त्यांनाही तो माणूस भेटल्यासारखा वाटला. त्यांच्या राजकारणाशी माझा येथे संबंध नाही. मला त्या प्रकरणातील दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. तो आवाज लगोलग कापला गेला, तालावर बसवला गेला, गाण्यांत व जाहिरातवजा चित्रफितींत जाऊन बसला. आणि त्यासाठी त्या आवाजाच्या धन्याची परवानगी घ्यावी हे कोणाच्या मनातही आले नाही. आवाज हे असे वतन आहे की ज्याला बांध नाही.

म्हणूनच यंत्राविषयीच्या चौथ्या आक्षेपाशी मी अर्ध्या वाटेपर्यंत सहमत आहे. डिसेंबर 2022 मध्ये एका ब्रिटिश प्रोग्रामरने ‘न्यूरो-सामा’ हे पात्र आणले, ज्यामागे माणूस नाही, भाषा जुळवणारे यंत्र आहे. आपल्या दूरदर्शनच्या डीडी किसान वाहिनीने 26 मे 2024 रोजी ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ असे दोन कृत्रिम निवेदक उभे केले, आणि ते पन्नास भाषांतून बोलू शकतात असे सांगण्यात आले. हे दोघे हुबेहूब माणसासारखे दिसतात. गाल, दात, पोशाख, सर्व माणसाचे. फक्त माणूस नाही. आता आक्षेपकांनी आपल्याच कसोटीचे काय होते ते पाहावे. त्यांची कसोटी चेहरा ही होती. त्या कसोटीला क्रिश आणि भूमी उतरतात, कारण त्यांना मानवी चेहरा आहे. आणि तासन्तास घसा कोरडा करून बोलणारी हाडामांसाची कलावती नापास होते, कारण तिचा चेहरा चित्राचा आहे. ज्या कसोटीने यंत्र पास होते आणि माणूस नापास होतो, ती कसोटी टाकून द्यावी. यंत्राची भीती ज्यांना खरोखर वाटते त्यांनी चित्रामागे बसलेल्या माणसाची बाजू घेतली पाहिजे, कारण यंत्राने ज्याची जागा घ्यायची आहे तो पहिला माणूस तोच आहे.

येथे मी त्या मुद्द्यावर येतो जो विरोधकांनी घ्यायला हवा होता. पडद्यावरील चेहरा कोणाच्या मालकीचा? या व्यवसायातील मोठ्या कंपन्यांच्या रिवाजानुसार पात्राचे नाव, रूप, वाहिनी आणि जुने सर्व कार्यक्रम कंपनीचे असतात. कलावंत आपला आवाज, स्वभाव आणि आयुष्याची उमेदीची वर्षे त्यात ओततो, आणि करार संपला की रिकाम्या हाताने बाहेर पडतो. त्याने प्रेक्षकांना आपले नवे नाव सांगणेसुद्धा करारभंग ठरू शकते. 5 फेब्रुवारी 2024 रोजी निजिसांजीने ‘सेलेन तात्सुकी’ या पात्राशी असलेला करार संपुष्टात आणला, तेव्हा ती वाहिनी, ते नाव आणि तो चेहरा यांतील काहीच त्या कलावतीकडे उरले नाही. ‘डोकिबर्ड’ या वेगळ्या नावाने तिला नव्याने उभे राहावे लागले, आणि प्रेक्षक तिच्यामागे लोटले हे तिचे भाग्य. चीनमधील ‘ए-सोल’ या गटातील एक पात्र मे 2022 मध्ये ‘सुप्तावस्थेत’ गेल्याचे जाहीर झाले, आणि आतील कलावतीच्या श्रमांची व वेतनाची चर्चा सुरू झाली तेव्हा चाहत्यांचा संताप अनावर झाला. गॉर गुराने 1 मे 2025 रोजी निरोप घेतला. पात्र कंपनीकडे राहिले. याउलट आयर्नमाउसने जुलै 2025 मध्ये ‘व्हीशोजो’ ही कंपनी सोडताना स्वतःच्या थकलेल्या पैशांबरोबरच एका वैद्यकीय संस्थेसाठी गोळा झालेले पाच लाख डॉलरांहून अधिक धनही पोहोचले नसल्याचे सांगितले, आणि काही दिवसांत कंपनीच्या प्रमुखाने अपयश कबूल करून कारभार बंद केला; पण तिचे नाव आणि तिचे रूप तिच्या मालकीचे होते, म्हणून एवढ्या पडझडीतूनही ती त्याच मुखवट्यानिशी पुन्हा आपल्या प्रेक्षकांसमोर बसू शकली. पैसा बुडाला तरी कलावंत जगतो; चेहरा गमावला तर त्याला पुन्हा शून्यातून आरंभ करावा लागतो.

आमच्या तालुक्याला हे समजावून सांगावे लागू नये. सांगोल्याचे डाळिंब व्यापाऱ्याच्या छापील खोक्यात बसून परराज्यांत जाते. 28 डिसेंबर 2020 रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे आमच्याच स्थानकावरून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. आणि फळ कितीही गोड असले तरी ग्राहक ओळखतो तो खोक्यावरचा छाप, बाग नव्हे, हे शेतकऱ्याने अनुभवले आहे. म्हणून तर ‘सोलापूर डाळिंब’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळवण्याचा खटाटोप झाला आणि तो यशस्वी झाला. फळाच्या नावावर पिकवणाऱ्यांचा हक्क असावा हे ज्यांना पटले, त्यांना आवाजाच्या छापावर बोलणाऱ्याचा हक्क असावा हे पटायला हरकत नसावी.

आपला कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील ‘प्रयोगकर्ता’ या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरती करणारा, हातचलाखी करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा हेही येतात, आणि त्यांपलीकडे प्रयोग सादर करणारी अन्य कोणतीही व्यक्ती येते. प्रयोग म्हणजे प्रत्यक्ष सादर केलेले दृश्य अथवा श्राव्य दर्शन. जो कायदा गारुड्याला विसरला नाही, त्याच्या कक्षेत चित्रामागून बोलणारा कलावंत येत नाही असे मानायला मला आधार दिसत नाही. 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 38 ब प्रयोगकर्त्याला, आपण हा प्रयोग केला अशी ओळख मागण्याचा आणि आपल्या प्रयोगाची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा हक्क देते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अरिजित सिंह यांच्या आणि सप्टेंबर 2025 मध्ये आशाबाई भोसले यांच्या आवाजाची यंत्राद्वारे केलेली नक्कल अंतरिम आदेशाने रोखली. हे आदेश नामवंतांनी मिळवलेले आहेत, हे खरे; अनामिक कलावंताला तेच संरक्षण कसे मिळावे, हा पुढचा झगडा आहे, आणि त्या झगड्यात वडीलधाऱ्यांची कळकळ उपयोगी पडली असती.

प्रेक्षकांच्या बाजूनेही एक दोष आहे आणि तो मी नाकारीत नाही. सुपरचॅटच्या रूपाने पैसे पाठवून आपले नाव पात्राच्या तोंडून ऐकण्याचा मोह एकाकी तरुणांना पडतो, आणि काहींचा तो आटोक्यात राहत नाही. पण हा मोह उघड्या चेहऱ्याच्या थेट प्रक्षेपणांतही तितकाच आहे. तेव्हा त्याचा बंदोबस्त करायचा तर तो पैशाच्या मर्यादेने व घरातील लक्ष देण्याने करावा, मुखवट्याला त्यासाठी जबाबदार धरू नये.

तेव्हा पुढच्या पालकसभेत या कलेपासून मुलांना परावृत्त करण्याचा ठराव येणार असेल, तर त्याऐवजी कराराचा मसुदा वाचायला घ्यावा, अशी माझी सूचना आहे. आणि तालुक्यातील वकील मंडळींनी त्यासाठी एक संध्याकाळ द्यावी. पात्राचे रेखाचित्र व रिग यांचे हक्क कोणाकडे राहणार, वाहिनीचे खाते कोणाच्या नावावर उघडले आहे, करार संपल्यावर कलावंताला आपले जुने नाव सांगता येईल की नाही, त्याच्या आवाजावर यंत्राला शिकवण्याची मुभा कोणत्या ओळीत दडवलेली आहे, हिशेब किती महिन्यांनी आणि कोणत्या स्वरूपात मिळणार, हे पाच प्रश्न प्रत्येक मसुद्याला विचारता येतात. कॉपीराइट कायद्याचे कलम 19 सांगते की हक्कांचे हस्तांतरण लेखी असले पाहिजे, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे व प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जाईल. म्हणून मुदत आणि प्रदेश यांचे रकाने कंपनी कधीच कोरे ठेवीत नाही, आणि ‘कायमस्वरूपी’ व ‘समस्त जगासाठी’ हे शब्द तेथेच सापडतात. ते शब्द खोडायला सांगता येतात. शिवाय 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला करार करण्याची पात्रताच नाही, त्याने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली मोहरीबीबीच्या दाव्यात ठरवून टाकले आहे. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज ज्या कंपनीला हवा असेल ती कंपनी कागद घेऊन तिच्या आईकडे किंवा वडिलांकडेच येईल, आणि सही त्यांचीच मागेल.